इंग्रजी बरोबर, पासपोर्ट चूक

गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेस मुंबईला जाते, महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरला. या गाड्यांनी पोरं पुण्या-मुंबईला गेली की कुणी काही विचारत नाही. पण आम्ही दोघं इंग्रजी शिकवायला परदेशात जायचं म्हणतोय, हे कळल्यावर घरात लगेच दोन प्रश्न आले. आईचा: "लग्न केव्हा करता?" बाबूजींचा: "तिकडच्यांना तू इंग्रजी शिकवशील?"

पहिल्याचं उत्तर आमचं आम्ही देऊ. भांडण दुसऱ्याशी आहे. कारण तो प्रश्न फक्त बाबूजींचा नाही, व्हिसाच्या नियमांतही तोच लिहिलेला आहे.

दक्षिण कोरियाचा ई-2 व्हिसा घ्या. तिथल्या खासगी क्लासमध्ये इंग्रजी शिकवायचं तर पासपोर्ट सात देशांपैकी एकाचा लागतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. पदवी कुठल्याही विषयाची चालते. म्हणजे कधी वर्गात उभा न राहिलेला, भूगर्भशास्त्र शिकलेला कॅनडाचा पोरगा चालतो, इंग्रजीत एम.ए., बी.एड. केलेली आमगावची मुलगी चालत नाही. 2010 साली लागू झालेल्या भारत-कोरिया करारात भारतीय शिक्षकांसाठी एक दार किलकिलं ठेवलंय, तेही सहायक शिक्षक म्हणून.

जोडीनं जायचं तर आणखी एक गाठ. दोघांना नोकरी मिळाली तर ठीक. एकालाच मिळाली, तर दुसऱ्यानं लग्नाचा दाखला दाखवून 'अवलंबित' म्हणून जायचं आणि बहुतेक वेळा घरी बसायचं. ते दुसरं कोण असेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आता शिकवण्याचं बोलू. माझ्या घरी पोवारी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी. इंग्रजी आली चौथी. 'अ' आणि 'द' कुठे लावायचं, यावर मी रडलेय, कारण मराठीत असं काही नाहीच. कोरियन भाषेतही नाही. क्रियापद आपल्याकडे वाक्याच्या शेवटी येतं, कोरियनमध्येही. त्या मुलाचं वाक्य जिथे मोडतं, तिथेच माझंही मोडलं होतं आणि ते कसं जोडायचं हे मला ठाऊक आहे. टोरंटोत वाढलेल्याला चूक लगेच ऐकू येते, पण ती का होते हे त्याला मुद्दाम शिकावं लागतं. आम्ही ते भोगून शिकलोय.

आणि भारतीयांनी परदेशात जाऊन शिकवणं काही नवीन नाही. सम्राट हेले सेलासींच्या काळात इथिओपियाच्या शाळांत भारतीय शिक्षक मोठ्या संख्येनं होते, बरेचसे केरळचे. त्यांत नवरा-बायको दोघंही शिक्षक अशी जोडपी होती. तिथल्या पिढ्या त्यांच्या हाताखाली शिकल्या.

पण कोरियाला शिव्या घालून मोकळे होऊ नका. आपल्या गल्लीतलं 'कॉन्व्हेंट' काय करतं? मी जिथे शिकवलं, तिथे वर्गात पोवारी बोललेल्या पोराला बाकावर उभं करायचे. मीही केलंय. सहा वर्षांचा पोरगा घरची भाषा बोलला, एवढाच त्याचा गुन्हा. कोरियाचा नियम मला जे सांगतो, तेच मी त्याला सांगत होते: तू चुकीच्या घरात जन्मलास. बाबूजींचा प्रश्नही अशाच वर्गातून आलेला आहे.

तेव्हा अर्ज भरणाऱ्यांनो, मुलाखतीत उसना अमेरिकन उच्चार काढू नका. सरळ सांगा, ही माझी चौथी भाषा आहे, म्हणून मला ती शिकवता येते. नकार आला तर दुसऱ्या देशात अर्ज करा. आम्हीही तेच करतोय.

आणि गाडीत बसण्याआधी, आज ज्या वर्गात शिकवताय, तिथल्या त्या पोराला आधी बाकावरून खाली उतरवा.