हजेरीपटावरची नावे

गेल्या लेखांकात तेरेखोलच्या किल्ल्याविषयी लिहिले होते. ते वाचून बडोद्याच्या एका वाचकभगिनींनी संपादकांमार्फत अगत्याचे पत्र पाठविले आहे. त्यांच्या घराण्याने तीन पिढ्या गुजराथी शेजारात काढल्या. भिंतीपलीकडची भाषा निराळी, फोडणीचा वास निराळा, सणावारांचे नियमही निराळे. हे सारे सांगून त्या लिहितात, "तुम्ही भाग्यवान. तुमच्या गावात सगळे आपलेच."

या वाक्याला उत्तर देणे मला अगत्याचे वाटते. परप्रांतात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या मनात मूळ मुलखाचे जे चित्र असते ते बहुधा असेच एकरंगी असते. आज तरी ते खरे नाही; आणि थोडे मागे जाऊन पाहिले तर ते पूर्वीही खरे नव्हते, असे माझे मत आहे.

प्रथम गावाची ओळख. केरी नावाची गावे गोव्यात एकाहून अधिक आहेत. सूरश्री केसरबाई केरकरांची केरी फोंडा तालुक्यातली. त्यांची भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या 'व्हॉयेजर' यानांबरोबर अंतराळात गेली. दुसरी एक केरी सत्तरीत आहे. आमची केरी पेडणे तालुक्यातली, गोव्याच्या अगदी वायव्य टोकाची. तेरेखोल नदी समुद्राला मिळते तेथे दक्षिण तीरावर ती वसली आहे. आजोबा देवाचे स्थान, समुद्राने बरीचशी गिळून टाकलेली सुरूची झाडे, फेरीबोटीचा धक्का आणि समोर किल्ला. दक्षिणेकडचा डोंगर ओलांडला की हरमल.

या धक्क्यावर सकाळी घटकाभर उभे राहावे. शिरोड्याहून भाजीची टोपली घेऊन आलेली बाई मालवणीत खेकसत उतरते. तिच्यामागून चिऱ्यांच्या कामावर निघालेले बागलकोटकडचे गवंडी कन्नडमध्ये बोलत येतात. हरमलच्या उपाहारगृहात स्वयंपाक करणारा नेपाळी तरुण आणि तेथेच शालींचे दुकान मांडलेला काश्मिरी, दोघे एकाच दुचाकीवर असतात. मण्यांच्या माळा नि कापडे यांचे बोचके डोक्यावर घेऊन लमाणी बायका किनाऱ्याकडे निघालेल्या असतात. होडीवर जाळी सारखी करणारी मुले झारखंडची. आणि हंगाम असला तर काखेत मूल घेतलेली एखादी रशियन बाई शहाळेवाल्याला 'कितले?' असे स्वच्छ कोकणीत विचारीत असते. वाचकभगिनींनी बडोद्याच्या आपल्या गल्लीत इतक्या भाषा एका सकाळी ऐकल्या असतील की नाही, शंकाच आहे.

आता 'आपले' कोण, हा प्रश्न. इतिहास याबाबतीत मोठा खट्याळ आहे. तेरेखोलचा किल्ला पोर्तुगिजांनी सावंतवाडीकरांकडून १७४६ साली घेतला. पेडणे महाल मात्र त्यांच्या हाती आला १७८८ मध्ये. म्हणजे बेचाळीस वर्षे नदीच्या उत्तर तीरावर फिरंगी निशाण होते आणि दक्षिणेस आमच्या केरीत भोसल्यांचा अंमल. मग दोन्ही तीर एका छत्राखाली आले, आणि तेरेखोलच्या पलीकडची रेडी-शिरोडा ही गावे परमुलूख ठरली. ज्या गावांत आमच्या लेकी दिल्या, ज्या गावांतून सुना आणल्या, ती गावे! १९५५ साली भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा माहेरच्या मयताला जायचे तरी परवान्याचा विचार करावा लागे, असे वडीलधारी माणसे सांगत. १९ डिसेंबर १९६१ नंतर ते लोक पुन्हा आपले झाले. माणसे तीच, नदी तीच. बदलले ते नाक्यावरचे निशाण.

मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी प्राथमिक शाळा उघडल्या. एवढे शिक्षक गोव्यात होते कोठे? ते कोल्हापूर, सातारा, रत्नागिरी या बाजूंनी आले. गावाने त्यांना ओसऱ्या दिल्या, पेज दिली, आणि पाठीमागे 'घाटी मास्तर' असे नावही दिले. आमच्या पिढीला मुळाक्षरे गिरवायला लावली ती या 'भायल्या' मास्तरांनी. ज्यांच्या मराठीवर आमची मराठी पोसली, ते बोलू लागले की आम्ही पोरे तोंडावर हात ठेवून हसत असू; त्यांचे 'न्हवं' आणि 'काय की' आम्हांला परके वाटे. नदीपलीकडे शिरोड्याची शाळाही अशीच. सांगलीला जन्मलेले वि. स. खांडेकर १९२० साली तेथे शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत राहिले. आज शिरोडेकर त्यांना आपले म्हणून मिरवतात, आणि ते योग्यच आहे.

भाषेचे तर विचारूच नये. २०११ च्या जनगणनेत गोव्यात कोकणी ही मातृभाषा सांगणारे शेकडा सुमारे सहासष्ट होते, मराठी सांगणारे सुमारे अकरा. कोकणी-मराठीचा वाद येथे उकरण्याची माझी इच्छा नाही. त्यात उभय बाजूंची पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. एवढेच सांगतो की, केरीच्या घरात चुलीजवळ जी बोली चालते ती पुस्तकातली मराठी नव्हे. आई मुलाला 'खंय वता?' म्हणूनच हटकते. मराठी येते ती भजनातून, कीर्तनातून, दशावताराच्या राजाच्या तोंडून, वर्तमानपत्रातून आणि शाळेतून. ती आमच्याकडे पहिल्यापासून शिकण्याची, कमावण्याची भाषा आहे. आमच्या आजोबांनी ती कमावली, म्हणून ती आमची झाली. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे जे सांगावयाचे आहे ते याच्याच आधारावर.

गावात आज 'भायले' हा शब्द फार ऐकू येतो. चहाच्या दुकानात, ग्रामसभेत, देवळाच्या पायरीवर. भायल्यांनी गाव भरले, पाणी पुरत नाही, कचरा वाढला. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. नळाला पाणी ठरावीक वेळीच येते आणि चार माणसांच्या जागी बारा माणसे राहू लागली की ते कमी पडणारच. पण हीच तक्रार तारस्वरात करणाऱ्या गृहस्थांनी परसात पत्र्याच्या सहा खोल्या बांधलेल्या असतात आणि त्या सहाही खोल्यांत भायलेच असतात. भाडेकरूंची माहिती पोलिसांना देणे घरमालकावर बंधनकारक आहे. तेवढे कागद भरले की शेजारधर्म संपला, अशी काहींची समजूत दिसते.

आणखी एक गंमत पाहा. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत वाहता झाला आणि पेडण्याच्या जमिनींना नवे भाव आले. दूरच्या शहरांतील धनिकांनी डोंगरउतारावर बंगले बांधले. त्यांची फाटके वर्षातले दहा महिने बंद असतात, आत पाण्याचे तलाव निळे दिसतात. ते मतदारयादीत नाहीत, देवळाच्या वर्गणीत नाहीत, कोणाच्या मयताला नाहीत. त्यांना मात्र कोणी भायले म्हणत नाही. त्यांना 'साहेब' म्हणतात. त्या बंगल्याचे चिरेबंदी कुंपण रचणारा गवंडी भायला! गाव हातचा जाण्याची भीती खोटी नाही. ती चुकीच्या माणसाकडे बोट दाखविते, असे मला वाटते.

या संदर्भात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे सांगतो. तो शिकागोच्या लगत पश्चिमेस असलेल्या ओक पार्क नावाच्या उपनगरात राहतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे नाव अर्नेस्ट हेमिंग्वेचे जन्मगाव म्हणून ठाऊक असेल. त्याच्या रस्त्यावर एक कृष्णवर्णीय शिक्षिका, एक पोलिश सुतार, एक मेक्सिकन कुटुंब आणि दोन भारतीय घरे आहेत. मला वाटले होते, अमेरिकेत हे सहजच होत असेल. त्याने समजावून सांगितले की, १९६० च्या सुमारास त्या भागात एखादे कृष्णवर्णीय कुटुंब राहावयास आले की दलाल घबराट उठवीत, गोरे लोक मिळेल त्या भावाला घरे विकून निघून जात, आणि वस्तीच्या वस्ती काही वर्षांत पालटे. ओक पार्कच्या रहिवाशांनी १९६८ साली घरविक्रीत नि भाड्यात वर्णभेद करण्यास बंदी घालणारा नियम केला. पुढे १९७२ मध्ये नव्याने येणाऱ्यांना सर्व भागांत घरे मिळावीत म्हणून एक केंद्रही काढले. मिश्र वस्ती तेथे आपोआप टिकली नाही. माणसांनी बैठका घेऊन, भांडून, कागद रंगवून टिकविली.

पण तोच पुढे म्हणाला, "सर, येथे सारे हसून हात करतात. माझ्या दारापुढचे बर्फ शेजारी काढतो. पण सात वर्षांत त्याच्या स्वयंपाकघरात मी पाऊल टाकलेले नाही." आमच्याकडे नेमके उलट. गावची बाई ज्या लमाणी बाईला तोंडावर 'तुम्ही भायली' म्हणते, तिच्याचकडून संध्याकाळी मिरच्या उसन्या आणते, आणि तिच्या बाळंतपणात रात्री उशाशी बसते. कोणती रीत बरी हे मला ठरविता आलेले नाही. दोन्हींपैकी अर्धी अर्धी घेता आली तर पाहावे.

शेवटी शाळा. गावची ऐपत असलेली मुले इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्यांतून जातात. पालकांचा तो हक्क आहे. परिणाम असा की, आसपासच्या कित्येक सरकारी मराठी प्राथमिक शाळांचा पट आज गवंड्यांच्या, लमाण्यांच्या, नेपाळ्यांच्या मुलांवर उभा आहे. ही मुले नसती तर त्यांतील काही शाळांना कुलूप लागले असते. पुढे पाचवीला ती आमच्याकडे येतात. माध्यम इंग्रजी होते, मराठी विषय म्हणून राहते. माझ्या तरुणपणी हजेरीपटावर केरकर, नाईक, परब, फर्नांडिस अशी नावे असत. आता त्यांत राठोड, चव्हाण, थापा, हडपद मिसळली आहेत. प्रवेशपत्रिकेत 'मातृभाषा' असा रकाना असतो. तेथे आले की पुष्कळ पालक थबकतात. एका बापाने मला विचारले, "साहेब, घरात लमाणी, गावी कन्नड, ठेकेदाराशी हिंदी, मालकाशी कोकणी. कोणती लिहू?" त्याची मुलगी त्या वेळी मराठी शिकत होती, म्हणजे तिची पाचवी भाषा.

२०२० च्या टाळेबंदीत अशी कितीतरी नावे पटावर राहिली आणि मुले नाहीशी झाली. काही पुढल्या वर्षी परतली, काही नाही. ही मुलगी परतलेल्यांपैकी.

यंदा २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनानिमित्त, 'माझे गाव' या विषयावर निबंधस्पर्धा घेतली. उत्तरपत्रिकांवर नावे नव्हती, केवळ क्रमांक, परीक्षक सावंतवाडीचे. पहिला क्रमांक तिला आला. गावात कुरकुर झाली. एक पालक तर कार्यालयातच आले. "गावाचे बक्षीस भायल्यांना कसे?" मी वाद न घालता निबंध त्यांच्यापुढे ठेवला. पहिल्या पानावर 'आमचे गाव' म्हणजे केरी होती, तिसऱ्या पानावर विजापूरकडचे तांड्याचे गाव. मुलीने दोहोंना तोच शब्द वापरला होता आणि परीक्षकांनी तेथे तांबडी रेघ मारली नव्हती. मधल्या पानावर पावसाळ्याचे वर्णन होते. पत्रा दोन ठिकाणी गळतो, एका ठिकाणी आई टोप ठेवते, दुसऱ्या ठिकाणी बालदी, आणि टोपाचा नि बालदीचा आवाज निराळा असल्यामुळे डोळे मिटून पाऊस किती आहे ते कळते, असे तिने लिहिले होते. गृहस्थ ते पान वाचता वाचता थांबले. मग हळूच म्हणाले, "ही खोली आमचीच."

कागद परत ठेवून ते गेले. बक्षिसाविषयी पुन्हा बोलले नाहीत.

हे लिहीत असताना मे महिना चालू आहे. किनाऱ्यावरचे मांडव उतरत आहेत, बांधकामे पावसाआधी उरकण्याची घाई आहे, आणि काम संपले की गवंड्यांच्या खोल्या रिकाम्या होऊ लागतात. गेल्या आठवड्यात त्या सहा खोल्यांपैकी एकीचा पत्रा बदलताना मी जाता-येता पाहिला. मुलीच्या घरून शाळा सोडल्याचा दाखला मागावयास अद्याप कोणी आलेले नाही.