राष्ट्रपतिभवनात आपली सून, गिरणीच्या फाटकाला कुलूप!



25 जुलै 2007 चा दिवस आठवा. त्या दिवशी दिल्लीत प्रतिभाताई पाटील यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली आणि इकडे अमरावतीत पेढे वाटले गेले. जळगाव म्हणाले, आमची लेक! अमरावती म्हणाली, आमची सून! खानदेश आणि वऱ्हाड यांच्यात माहेर-सासरचे ते गोड भांडण लागले आणि दोन्हीकडच्या माणसांच्या छात्या वीतभर फुगल्या. ज्यांनी जन्मात दिल्ली पाहिली नाही, ते "आपली बाई राष्ट्रपती झाली" असे सांगत चौकाचौकांत फिरले. आम्हीही फिरलो. आम्हीही पेढा खाल्ला. तो गोड लागला, हे कबूल करायला आम्हाला लाज वाटत नाही.

त्याच आठवड्यात अकोल्यात चहाच्या टपरीवर एक म्हातारा विणकर आमच्याशेजारी बसला होता. तीस वर्षे मागावर उभा राहिलेला माणूस. पेढ्याचा तुकडा तोंडात टाकून तो म्हणाला, "ते तं झालं बाप्पा, लय बेस झालं. पण मिलचा भोंगा कधी वाजन?"

टपरीवरचे अर्धे लोक हसले, अर्धे चिडले. लग्नघरी हा अपशकुन कशाला, असे चिडलेल्यांचे म्हणणे. म्हातारा शहाणा आहे, अभिमानाने काय पोट भरते, असे हसलेल्यांचे म्हणणे. त्या दिवशी आम्ही गप्प बसलो. आज मात्र या दोघांनाही उत्तर दिले पाहिजे, कारण दोघेही अर्धेच खरे आहेत.

प्रथम हसणाऱ्यांना सांगतो. तो अभिमान खोटा नव्हता. 1950 पासून 2007 पर्यंत अकरा माणसे निवडून राष्ट्रपती झाली. त्यांत एकही बाई नव्हती आणि एकही मराठी माणूस नव्हता. 1962 साली वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी जळगावातून आमदार झालेली, 1991 साली अमरावतीने लोकसभेत धाडलेली ही बाई जेव्हा त्या जागी बसली, तेव्हा दोन दारे एकदम उघडली. अर्धा जन्म गिरणीत आणि अर्धा चुलीपुढे काढलेल्या आमच्या मायबहिणींना त्या दिवशी काय वाटले असेल, ते पुरुषांनी मोजू नये.

आणि मराठी माणसाने तर या खुर्चीचा कडू घोटही घेतला आहे. चिंतामणराव देशमुख आठवतात ना? मुंबई महाराष्ट्राला नाकारली म्हणून 1956 साली ज्यांनी देशाच्या अर्थमंत्रिपदावर लाथ मारली, तेच चिंतामणराव! 1969 साली ते राष्ट्रपतिपदाला उभे राहिले. गिरी आणि रेड्डी यांच्या झुंजीत त्यांना पहिल्या पसंतीची 1,12,769 मते पडली आणि ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. त्यानंतर अडतीस वर्षांनी, 2007 साली, शिवसेनेने आपल्या आघाडीचा उमेदवार बाजूला ठेवून मराठी म्हणून प्रतिभाताईंना मते दिली. प्रतिभाताईंना 6,38,116 मते पडली, भैरोसिंह शेखावतांना 3,31,306. पक्षाचे कुंपण ओलांडून एकदा तरी मराठी माणूस मराठी माणसाच्या पाठीशी उभा राहिला, याचा आनंद ज्याला झाला नाही, त्याच्या रक्तात पाणी आहे असे आम्ही म्हणू.

कोणी म्हणेल, ही निवडणूक तर आमदार-खासदारांची. त्यात गिरणी कामगाराने मत कुठे दिले? तर ऐका. घटनेच्या 55 व्या कलमात या मतांचा हिशेब दिलेला आहे. राज्याची 1971 सालच्या शिरगणतीतली लोकसंख्या घ्यायची, आमदारांच्या संख्येने भागायची आणि पुन्हा हजाराने भागायची. महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा पाच कोटी चार लाखांच्या घरात, आमदार 288. भागाकार येतो 175. म्हणजे आपल्या प्रत्येक आमदाराच्या मताची किंमत 175, आणि त्यातले एकेक मत हजार माणसांचे! 1971 साली शिरगणतीचा कारकून गिरणीच्या चाळीत आला, तेव्हा तुमच्या बापाचे, तुमच्या आजीचे, पाळण्यातल्या तुमचे नाव त्याने लिहून घेतले. ती माणसे त्या हजारात मोजलेली आहेत. तेव्हा अभिमान वाटण्याचा हक्क आम्हाला कोणी दान दिलेला नाही. आम्ही त्या हजारातले एक आहोत.

ज्याचे पोट भरले आहे त्याने अभिमान बाळगला तर ते देशप्रेम, आणि उपाशी माणसाने बाळगला तर तो खुळेपणा, हा कोठला न्याय?

आता चिडणाऱ्यांना सांगतो. म्हाताऱ्याचा प्रश्न अपशकुनी नव्हता. 2007 च्या आदल्याच वर्षी, 1 जुलै 2006 रोजी, पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर करून गेले होते. ते कोणासाठी? शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या सहा जिल्ह्यांसाठी, आणि त्या सहांत अमरावती होती, अकोलाही होते. कापूस पिकवणारा गळफास घेत होता आणि कापूस विणणारा घरी बसला होता. अकोल्याच्या सावतराम आणि मोहता, अचलपूरची विदर्भ मिल, या गिरण्या 1974 च्या कायद्याने सरकारच्या झाल्या होत्या. तेव्हाही आम्ही पेढे वाटले होते. मालक गेला, सरकार आले, आता आपलेच राज्य! पुढे त्या जुन्या गिरण्यांचे भोंगे एकामागून एक मुके झाले, हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको.

मग आपली बाई राष्ट्रपती झाल्यावर गिरणी का सुरू झाली नाही? हा प्रश्न पुष्कळांनी मनात ठेवला आणि तो मनातच कुजला. म्हणून स्पष्ट बोलतो. गिरणी सुरू करणे राष्ट्रपतीच्या हातात नसते. घटनेच्या 74 व्या कलमाप्रमाणे राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचे असते. भोंग्याची दोरी वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या आणि राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या हातात. आम्ही नमस्कार केला एका दाराला आणि मागणी होती दुसऱ्या दाराची! दोष दाराचा नव्हे. ज्या दाराशी अडून बसायचे, त्या दाराशी आम्ही गेलोच नाही. वऱ्हाडची सून दिल्लीला निघाली, तेव्हा आम्ही वऱ्हाडी अक्षता टाकून घरी परतलो. जेवणाची पंगत कधी बसणार, हे विचारायला कोणी थांबले नाही.

हा रोग आमच्यापुरता आहे असे समजू नका. अमेरिकेसारख्या बड्या देशाचेही तेच झाले. तिकडे अध्यक्ष होणारा माणूस खरोखर सत्ता चालवतो, म्हणून तेथला निकाल आणखी बोलका.

4 नोव्हेंबर 2008 च्या रात्री बराक ओबामा निवडून आले. शिकागोच्या ग्रँट पार्कात लाखांनी माणूस लोटला. 1968 साली मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी लागली, तेव्हा जेसी जॅक्सन त्यांच्याबरोबर मेम्फिसला होते. ते मुरलेले लढवय्ये त्या रात्री गर्दीत उभे राहून लेकरासारखे रडले. ज्यांचे पूर्वज कापसाच्या शेतात गुलाम म्हणून राबले, त्यांच्या रंगाचा माणूस देशाचा धनी झाला! कापसाच्या देशातल्या आम्हा वऱ्हाड्यांना ते रडणे समजावून सांगायला नको. त्याच वर्षी फेब्रुवारीत ओबामांची पत्नी मिशेल जाहीर सभेत बोलून गेली होती, की मोठी झाल्यापासून पहिल्यांदाच आपल्याला आपल्या देशाचा खरा अभिमान वाटतो आहे. त्यावर तिकडच्या मोठमोठ्या लोकांनी केवढा गिल्ला केला! आजवर अभिमान नव्हता काय, म्हणून तिलाच दरडावले. ज्याला देशाने दारात उभे केले नाही, त्याने अभिमान कोठून आणावा, हे मात्र एकालाही विचारावेसे वाटले नाही.

पुढचे ऐका. ओबामांनी जानेवारी 2009 मध्ये शपथ घेतली आणि त्याच वर्षी 1 जूनला जनरल मोटर्स या मोटारींच्या बलाढ्य कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. सरकारने पैसा ओतून ती सावरली, हे खरे. पण ज्या गावांचे कारखाने आधीच गेले होते, ती गावे तशीच राहिली. 2008 साली मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया ही कारखान्यांची राज्ये ओबामांच्या मागे होती. 2016 साली तीच तिन्ही राज्ये ट्रम्प यांच्याकडे वळली. लगेच अभिमानाचीही पाळी बदलली! आठ वर्षांपूर्वी ज्यांच्या माना ताठ होत्या, त्यांच्या खाली गेल्या. ज्यांच्या खाली होत्या, त्या ताठ झाल्या. देश तोच, झेंडा तोच, कुलूपबंद कारखानेही तेच.

यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. खुर्चीवर कोण बसले, यावर ज्याचा देशाभिमान चढतो आणि उतरतो, त्याचा तो देशाभिमान नव्हे. तो जुगार आहे. आपला पत्ता लागला की नाचायचे, दुसऱ्याचा लागला की रडायचे. आणि डाव मांडणारा दोन्ही वेळा खिसा भरून घरी जातो.

आमच्याच जिल्ह्यात पाहा. 25 जुलै 2022 रोजी द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्या. आदिवासी समाजातून त्या पदावर पोहोचलेल्या त्या पहिल्याच. त्या संथाळ, आपल्या मेळघाटातले कोरकू. नाते रानाचे आहे आणि भाषेचेही आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू बाईला त्या दिवशी आनंद झाला असेल, तर तिला कोणी हसू नये. पण कुपोषणाचा कलंक ज्या मेळघाटाच्या कपाळी वर्षानुवर्षे आहे, तेथल्या लेकराच्या ताटात काय पडले, हे विचारल्यावर "अहो, तुमचीच बाई राष्ट्रपती आहे ना!" असे जो उत्तर देईल, तो त्या बाईचाही अपमान करतो आणि त्या पदाचाही. अभिमान आम्हाला गप्प बसवण्यासाठी वापरला गेला, की समजावे, तो आमच्या हातातून सुटून दुसऱ्याच्या हातात गेला.

महाराष्ट्र राज्याचेही असेच नाही का? 105 हुतात्म्यांच्या रक्ताने 1 मे 1960 चा दिवस उगवला. त्या हुतात्म्यांत गिरणी कामगार होते. तो अभिमान आम्ही मरेपर्यंत बाळगू. पण राज्य मिळाले म्हणून वऱ्हाडच्या कोरड्या शेतात पाणी आपोआप आले नाही. 1984 साली दांडेकर समितीला अनुशेष मोजून कागदावर मांडावा लागला, तेव्हा कोठे सरकारला तो दिसला. मोजून दाखवल्याशिवाय सरकारला काहीच दिसत नाही, ही त्यातली गोम!

गड्यांनो, तुम्ही कापड जाणणारी माणसे. नुसत्या ताण्याने तागा होतो का? उभे धागे कितीही घट्ट ताणा, आडवा बाणा भरल्याशिवाय कापड होत नाही. अभिमान हा आमचा ताणा आहे. तो नसेल तर माग रिकामा. पण मागणी, हिशेब आणि एकजूट यांचा बाणा त्यात भरला पाहिजे. मराठी बाणा म्हणून सभेत छाती ठोकतो, तो हाच! तो मागावर भरायचा आहे, नुसता मिरवायचा नाही.

भरायला जागाही समोर आहे. मुंबईच्या फिनले गिरणीचे नाव घेऊन अचलपुरात नवी गिरणी उभी राहिली. पोरांना वाटले, पुन्हा दिवस आले. मार्च 2020 च्या टाळेबंदीत महामंडळाच्या इतर गिरण्यांबरोबर तिचीही चाके थांबली. टाळेबंदी उठली, बाजार उघडले, रेल्वे धावू लागली. गिरणीचे कामगार मात्र पुढे कित्येक महिने फाटकाकडे पाहत राहिले. इकडे नांदगाव पेठेत कापडाचे नवे कारखाने आले. 20 सप्टेंबर 2024 रोजी पंतप्रधानांनी वर्ध्यातून अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची कोनशिला बसवली. हजार एकर जागा! त्या दिवशीही टाळ्या झाल्या. आमचा टाळ्यांना विरोध नाही. टाळी वाजवून झाल्यावर तोच हात वर करून प्रश्न विचारा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

विचारा: या हजार एकरांत वऱ्हाडच्या किती पोरांना काम, आणि ते कायम की ठेकेदाराच्या हजेरीवर? विचारा: बंद गिरण्यांच्या कामगारांची देणी कोणाकडे किती थकली, त्याची नावानिशी यादी कोठे आहे? विचारा: गिरण्यांच्या जमिनीवर उद्या काय उभे राहणार आणि त्यात कामगाराचा वाटा किती? हे प्रश्न राष्ट्रपतिभवनाला विचारू नका. आमदाराला विचारा, ज्याच्या एका मताची किंमत 175 आहे आणि ती तुमच्या डोक्यांवरून ठरली आहे. खासदाराला विचारा. महामंडळाला लेखी विचारा आणि पोच घ्या. प्रत्येक फाटकावर पाच जण तरी वही-पेन्सिल घेऊन बसा आणि हिशेब मांडा. दांडेकरांनी राज्याचा अनुशेष मोजला, आपण आपल्या गिरणीचा मोजू.

आपली सून राष्ट्रपतिभवनात गेली, तो दिवस आम्ही विसरणार नाही. उद्या वऱ्हाडची आणखी एखादी लेक तेथे गेली तर पुन्हा पेढे वाटू, पुन्हा गुलाल उधळू. मात्र त्या वेळी टपरीवर कोणी म्हाताऱ्याने भोंग्याचे विचारले, तर त्याला हसू नका आणि त्याच्यावर चिडूही नका. त्याला पेढा द्या, त्याचा हात धरा, आणि ज्या दाराशी तो प्रश्न विचारायचा आहे, त्या दारापर्यंत त्याच्याबरोबर चालत जा.