गोंगाटातील परात्मता

नॉइज रॉक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीतात गोंगाट हा दोष नसून माध्यम असतो. गिटारचा कर्कश नाद, ध्वनिवर्धकाची शीळ आणि ढोलांचा आघात यांच्याखाली गायकाचे शब्द अर्धेमुर्धे बुडालेले असतात. बंगळूरच्या 'होइरोंग' या वाद्यवृंदाची 'दंडनीय अपराध' ही ध्वनिमुद्रिका याच जातीची. वृंदाचे गायक कमल सिंग पूर्वी त्याच शहरातील 'लाउंज पिरान्हा' या वृंदात होते. त्या वृंदाच्या २००८ मधील ध्वनिमुद्रिकेचे नावच 'गोइंग नोव्हेअर', म्हणजे कोठेही न पोहोचणारे.

अशा संगीतावर दोन आक्षेप घेतले जातात: त्यातील वैफल्य उसने आहे आणि ते दुर्बोध आहे. मराठी वाचकाला हे दोन्ही आक्षेप परिचयाचे आहेत. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) या संग्रहावर ते घेतले गेले. इतकेच नव्हे, तर त्या कवितांवर अश्लीलतेचा खटलाही चालला. कन्नडमध्ये गोपालकृष्ण अडिगांच्या नव्य काव्यालाही परकेपणाचा आरोप चुकला नाही. वस्तुतः त्यांच्या १९५४ च्या संग्रहाचे 'चंडे मद्दळे' हे नाव यक्षगानातील वाद्यांवरून आलेले आहे. घाट परका असला म्हणून अनुभव परका ठरत नाही, हे या दोन्ही भाषांनी एव्हाना मान्य केले आहे. मग तोच न्याय गिटारला का नसावा?

खरी अडचण भाषेची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बंगळूर नागरी जिल्ह्यात कन्नड मातृभाषा असणारे निम्म्याहून कमी होते. अशा शहरात एकाकीपणाला सर्वांची म्हणता येईल अशी भाषाच उरत नाही. मुख्यतः इंग्रजीत गाणाऱ्या वृंदाने सरकारी फलकावरचा हिंदी शब्दप्रयोग शीर्षकासाठी उचलावा, यात केवळ गंमत नाही. सामान्य माणसाला शासनाची भाषा ज्या स्वरात ऐकू येते, तो धमकीचा स्वर त्यात आहे. शब्द गोंगाटात बुडणे हीच येथे परात्मतेची अभिव्यक्ती होते.

या गीतांना मर्ढेकर-अडिगांच्या पंक्तीला बसवण्याचे कारण नाही. नुसता आवाज चढवून विषादाची नक्कल करणारे वृंदही पुष्कळ आहेत, आणि निवड ही समीक्षेचीच जबाबदारी आहे. परंतु निवडीसाठी आधी ऐकावे लागते. भाषावार साहित्येतिहासात या गीतांना जागाच नाही: कन्नडच्या दृष्टीने ती इंग्रजी, इंग्रजीच्या दृष्टीने केवळ संगीत. पखवाज शिकलेल्या अरुण कोलटकरांनी १९७० च्या दशकात रचलेली व ध्वनिमुद्रित केलेली इंग्रजी गीतेही मराठी इतिहासात अशीच उंबरठ्यावर राहिली. भारतीय साहित्याचा अभ्यास म्हणजे स्वतंत्र भाषांच्या इतिहासांची बेरीज नव्हे, असे विद्यापीठांतून वारंवार सांगितले जाते. त्या विधानाची कसोटी अशा बेवारस गीतांपाशीच लागते.