मागाहून येणारा गडी

या अंकासाठी शाळेचे क्रीडावृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा वर्षभराच्या सामन्यांच्या वह्या पुढे घेऊन मी बसलो. निपाणीच्या मैदानावर झालेल्या एका आंतरशालेय क्रिकेट सामन्याचे पान उघडले आणि लेखणी थांबली.

सामना २० षटकांचा होता. प्रतिपक्षाला अखेरच्या ५ षटकांत २४ धावा हव्या होत्या, ५ गडी त्यांच्या हाती होते, आणि आमच्या दोन्ही प्रमुख गोलंदाजांची ठरलेली षटके संपली होती. कर्णधाराने चेंडू दिला तो सारा वेळ सीमारेषेपाशी उभ्या असलेल्या एका अबोल मुलाच्या हाती. त्याने एकाआड एक ३ षटके टाकली आणि अवघ्या ७ धावा दिल्या. त्याच्या चेंडूंवर धावा निघेनात, म्हणून फलंदाज दुसऱ्या बाजूच्या गोलंदाजावर तुटून पडले आणि त्या घाईत तिघे बाद झाले. आम्ही ३ धावांनी जिंकलो. ज्याने ते तीन बळी मिळविले त्यास बक्षीस मिळाले, आणि ते योग्यच होते. परंतु त्या अबोल मुलाच्या नावापुढे बळींच्या रकान्यात शून्य होते. आणि हे कबूल केले पाहिजे, की त्या दिवशी मीही त्याची पाठ थोपटली नव्हती.

विद्यार्थी मित्रहो, आरंभ करणाऱ्याचा आपण गौरव करतो, पराक्रम गाजविणाऱ्याचाही करतो. पण दुसऱ्याने अर्धवट सोडलेले काम ऐन आणीबाणीच्या वेळी हाती घेऊन जो ते तडीस नेतो, त्याची नोंद ठेवण्यास मात्र आपण विसरतो. हे न्यायाचे नव्हे, आणि संघाच्या हिताचेही नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वास्तविक आपल्या खो-खोने हा धडा आपल्याला केव्हाच दिला आहे. पाटीवर आठ गडी एकाआड एक तोंडे फिरवून बसलेले असतात. पाठीवर थाप पडून 'खो' ऐकू येईपर्यंत उठायचे नाही, आणि ऐकू आल्यावर क्षणाचाही विलंब करायचा नाही. बसलेला गडी रिकामा नसतो. तो सज्ज असतो. बसण्यातली ही सज्जता ज्याला साधली, त्यालाच उठून धावण्याचे यश लाभते.

अशा मागाहून येणाऱ्या गड्याला स्वतंत्र नाव आणि हिशेबात स्वतंत्र रकाना दिला तो अमेरिकेतील बेसबॉलने. त्या खेळात सामान्यतः प्रत्येक संघाचे ९ डाव होतात. आरंभीचा चेंडूफेक्या थकला किंवा फलंदाजांना त्याचे चेंडू उमगू लागले, की त्याच्या जागी ताज्या दमाचा दुसरा येतो. यास तेथे 'रिलीफ पिचर' म्हणतात. एकदा बाहेर गेलेला गडी त्या सामन्यात पुन्हा आत येऊ शकत नाही. त्यामुळे येणाऱ्याच्या खांद्यावरचा भार लक्षात यावा.

एके काळी तेथेही या गड्याची गणना दुय्यम होत असे. ज्याला आरंभ करणे जमत नाही, त्याने मागाहून यावे, अशी समजूत होती. दुसऱ्या महायुद्धात लढून आलेल्या हॉइट विल्हेल्मने वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर, १९५२ मध्ये, वरिष्ठ संघात पाऊल टाकले आणि १९७२ पर्यंत तो खेळत राहिला. १९६९ मध्ये विजय राखून देणाऱ्या चेंडूफेक्याची 'सेव्ह' या नावाने अधिकृत नोंद होऊ लागली. पुढे १९८५ मध्ये विल्हेल्मला त्या खेळाच्या कीर्तिमंदिरात स्थान मिळाले. मागाहून येणाऱ्या चेंडूफेक्यांत हा मान मिळविणारा तो पहिला. पराक्रम पूर्वीही होताच. रकाना आला, तेव्हा तो लोकांच्या डोळ्यांत भरला.

पनामातील एका कोळ्याचा मुलगा मारियानो रिव्हेरा याच्या नावावर अशा ६५२ नोंदी आहेत. २०१९ मध्ये त्याची कीर्तिमंदिरासाठी निवड झाली, तेव्हा एकही मत त्याच्या विरोधात गेले नाही. तसा मान त्याच्याआधी कोणासही मिळाला नव्हता. पण याच रिव्हेराच्या हातून २००१ च्या अजिंक्यपदाच्या निर्णायक सामन्यात, अखेरच्या डावात, हाती आलेला विजय निसटला होता. त्यानंतरही तो २०१३ पर्यंत तेच काम करीत राहिला. अपयश सर्वांदेखत पदरी येते आणि तरीही दुसऱ्या दिवशी चेंडू हाती घ्यावा लागतो, हे या कामाचे खरे मोल आहे.

आता आपल्या घरच्या दोन उदाहरणांकडे वळू. नाशिकचे बापू नाडकर्णी यांनी जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध पहिल्या डावात ३२ षटके टाकली. त्यांपैकी २७ निर्धाव होती, धावा दिल्या ५, आणि बळी शून्य. सलग २१ षटके निर्धाव टाकण्याचा विक्रम त्यांनी त्या दिवशी केला. बळींचा रकाना रिकामा असूनही क्रिकेटचा इतिहास त्या शून्याला विसरलेला नाही. एका टोकाकडून धावांची वाट बंद करणे हीसुद्धा सहकाऱ्याला केलेली मदतच असते.

दुसरे उदाहरण मनाला चटका लावणारे आहे. मुंबईचे पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात तमिळनाडूविरुद्ध त्यांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी मिळविले. तथापि त्याच काळात बिशनसिंग बेदींसारखा डावखुरा फिरकी गोलंदाज भारतीय संघात होता, आणि शिवलकरांना एकही कसोटी खेळावयास मिळाली नाही. पाटीवर बसलेल्या या गड्याच्या पाठीवर थाप पडलीच नाही! तरी त्यांनी वयाची चाळिशी ओलांडेपर्यंत मुंबईसाठी चेंडू टाकणे सोडले नाही. २०१७ मध्ये त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला. मार्च २०२५ मध्ये ते निवर्तले.

कोणी म्हणेल, घराचा पाया घालणारा मोठा. शेवटी कौले चढविणाऱ्याचे कसले कौतुक? त्यास माझे उत्तर असे, की आपल्या बेळगाव-निपाणीकडचा पाऊस पाहिलेला मनुष्य कौले चढविणाऱ्यास कमी लेखणार नाही. पाया हवाच, पण मृगाची सर आली, की घरातली माणसे आणि धान्य वाचते ते छपरामुळे. आणखी एक आक्षेप असा, की असले काम मोजता येत नाही. मोजमाप अपुरे असते, हे खरे. बेसबॉलमध्येही तीन धावांची आघाडी हाती असताना अखेरचा एक डाव सांभाळला, तरी 'सेव्ह'ची नोंद मिळते, आणि ते पुष्कळदा सोपे असते. परंतु अपुऱ्या मापाने दाणे थोडे सांडतील. माप मुळीच लावले नाही, तर सारी रासच वाऱ्यावर जाईल.

म्हणून शाळेपुढे माझी साधी सूचना आहे. खेळाच्या वहीत एक नवा रकाना आखावा आणि त्यास 'सामना राखला' असे नाव द्यावे. पारितोषिक वितरणात एक पारितोषिक त्या रकान्यासाठी असावे. राखीव गड्यांची नावे संघाच्या छायाचित्राखाली इतरांच्या बरोबरीने छापावीत. यास फारसा खर्च नाही. लागते ती फक्त थोडी दृष्टी.

आणि सीमारेषेपाशी उभ्या असलेल्या माझ्या बालमित्रांनो, तुम्हांलाही एक सांगणे आहे. हाक येईल किंवा येणारही नाही. ते तुमच्या हाती नाही. हाक आली तेव्हा हात थंड नसावेत, एवढेच तुमच्या हाती आहे.

त्या अबोल मुलाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण ते या अंकाच्या क्रीडावृत्तात, विजयी संघाच्या यादीत, यथास्थान छापले आहे. त्याच्यापुढे लिहिले आहे : ३ षटके, ७ धावा, सामना राखला. ती ओळ लिहिण्यास मला उशीर झाला, याची खंत मात्र माझ्याजवळ राहील.