वॉर्डमधला प्रश्न आणि डॉक्टरेटचा अर्ज

परिचर्येत डॉक्टरेट करायचे ठरवले की अमेरिकेत दोन वाटा समोर येतात. एक पीएचडीची, आपल्याकडेही ओळखीची. दुसरी ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’ची, म्हणजेच डीएनपीची. महाराष्ट्रातून तिकडे जाऊन परवाना मिळवलेल्या, काही वर्षे रुग्णालयात रुळलेल्या परिचारिकेपुढे यातली कोणती धरायची हा प्रश्न कधी ना कधी येतोच. एकदा डीएनपी ठरली की तिचा सगळा जीव गुणपत्रिका, प्रमाणपत्रे आणि इंग्रजीच्या परीक्षेत अडकतो. ते सारे लागतेच. पण आपण ज्या वॉर्डमध्ये राबलो तिथला कोणता प्रश्न आपल्याला सोडवायचा आहे, हे नेमके सांगता येणे हा या अर्जाचा खरा गाभा आहे, असे आम्हांला वाटते.

या पदवीचा जन्मच असे प्रश्न सोडवण्याच्या गरजेतून झाला. केंटकी विद्यापीठाने २००१ मध्ये डीएनपीचे पहिले विद्यार्थी घेतले. अमेरिकेतील नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने २००४ मध्ये ठराव केला, की प्रगत परिचर्येचे शिक्षण २०१५ पर्यंत पदव्युत्तर पातळीवरून डॉक्टरेटच्या पातळीवर न्यावे. ती मुदत पाळली गेली नाही, आणि नर्स प्रॅक्टिशनर होण्यासाठी पदव्युत्तर पदवी अजूनही चालते. भूल देणाऱ्या परिचारिकांच्या बाबतीत मात्र बदल पक्का झाला: २०२२ पासून त्या शिक्षणात नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला डॉक्टरेटच्याच अभ्यासक्रमात प्रवेश घ्यावा लागतो. आज तिथे डीएनपीचे चारशेहून अधिक अभ्यासक्रम आहेत. म्हणजे प्रवेश कुठे तरी मिळेल का, ही मुख्य चिंता नव्हे. आपल्याला हवे ते शिक्षण तिथे मिळणार आहे का, हे आधी पाहायला हवे.

पीएचडी करणारी नवे ज्ञान शोधते आणि प्रबंध लिहिते. डीएनपी करणारी आधीच सिद्ध झालेले ज्ञान खाटेपर्यंत का पोहोचत नाही ते शोधते, आणि ते पोहोचवून दाखवते. लघवीच्या नळीचेच पाहा. शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णाला कॅथेटर घातला जातो. दुसऱ्या दिवशी रुग्ण उठून बसतो, तिसऱ्या दिवशी चालू लागतो, तरी पिशवी खाटेला लटकलेलीच असते. राउंडला डॉक्टरांचे लक्ष टाक्यांकडे असते. रात्रीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला हँडओव्हर देताना लघवी किती झाली ते सांगते. नळी अजून कशाला हवी, हे कोणी विचारत नाही. नळी जितके दिवस आत राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, हे प्रत्येक परिचारिकेला पहिल्या वर्षापासून माहीत असते. यात संशोधन करण्यासारखे नवे काही उरलेले नाही. हँडओव्हरच्या कागदावर तीन रकाने वाढवायचे: नळी कधी घातली, कशासाठी घातली, आज तिची गरज आहे का. गरज नसेल तर ठरलेल्या नियमावलीनुसार ती काढण्याचा अधिकार परिचारिकेला द्यायचा. आधीच्या काही महिन्यांतले नळीचे दिवस आणि संसर्ग मोजायचे, नंतरच्या महिन्यांतले मोजायचे, रकाने कोणत्या पाळीत रिकामे राहतात ते पाहायचे, पद्धत सुधारायची आणि पुन्हा मोजायचे. डीएनपीचा प्रकल्प असा असतो. दिसायला तो साधा वाटतो, पण एका वॉर्डची सवय बदलणे किती कठीण आहे हे वॉर्ड सांभाळलेली इनचार्जच जाणते.

म्हणूनच अर्जासोबतच्या उद्देशपत्रात ‘लहानपणापासून मला रुग्णसेवेची आवड होती’ या वाक्याने फारसे काही साधत नाही. ते खरेही असेल. पण प्रवेश समितीपुढच्या पुष्कळ अर्जांत ते असते. ‘आमच्या विभागात असे घडत होते, मी ते पाहिले, मी हे करून पाहिले, इथवर जमले आणि इथे अडले’ असे लिहिणारी परिचारिका समितीला लगेच दिसते. पैसे घेऊन असे पत्र लिहून देणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे जाऊ नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो. त्यांनी तो वॉर्ड पाहिलेला नसतो, आणि मुलाखतीत समोर बसून बोलायचे असते ते अर्जदारालाच.

शिफारसपत्रांचेही तसेच. बहुधा तीन मागतात. आपल्याकडे शिफारसपत्र म्हणजे वागणुकीचा दाखला: मेहनती, प्रामाणिक, वर्तणूक उत्तम. लिहिणाऱ्याच्या मनात कौतुक असते, पण कागदावर पुरावा येत नाही. मेट्रन किंवा प्राध्यापकांकडे पत्र मागायला जाताना आपण केलेल्या दोन-तीन कामांचे टिपण सोबत न्यावे आणि ‘मॅडम, यातले तुम्हांला जे आठवते तेवढेच लिहा’ अशी विनंती करावी. यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

पुष्कळजणी गाफील राहतात ती तासांच्या हिशेबात. बी.एस्सी.नंतर देखरेखीखाली केलेल्या प्रत्यक्ष कामाचे किमान १,००० तास हा आकडा २००६ च्या निकषांपासून रूढ आहे. हे तास शिक्षणाचा भाग म्हणून केलेले असावे लागतात. पगारी नोकरीत दहा वर्षे रात्रपाळ्या केल्या असल्या, तरी त्या यात धरत नाहीत. एम.एस्सी.तले तास धरले जाऊ शकतात, पण महाविद्यालयाने ते लेखी द्यावे लागतात आणि ते मान्य करायचे की नाही हे प्रवेश देणारे विद्यापीठ ठरवते. उरलेले तास कोणाच्या हाताखाली करायचे, तो मार्गदर्शक कोण शोधणार, हेही आधीच विचारून घ्यावे. कित्येक अभ्यासक्रमांत ही जबाबदारी विद्यार्थिनीवरच टाकलेली असते, आणि शुल्क भरून झाल्यावर ते कळले तर सत्र वाया जाण्याची वेळ येते.

कागदपत्रांतली एक अडचण खास आपली आहे. दहावीच्या दाखल्यावर माहेरचे नाव, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर कधी माहेरचे तर कधी सासरचे, पासपोर्टवर पतीच्या नावासह पूर्ण नाव आणि अनुभवाच्या पत्रावर नुसते ‘सिस्टर’ आणि आडनाव. परदेशी शिक्षणाचे मूल्यमापन करणाऱ्या संस्थेला या चार वेगवेगळ्या स्त्रिया वाटू शकतात. विवाह प्रमाणपत्र, गरज असल्यास राजपत्रातली नावबदलाची नोंद, आणि सगळीकडे एकच स्पेलिंग, हे काम अर्जाच्या बरेच आधी हातावेगळे करावे. विद्यापीठाकडून मोहोरबंद ट्रान्स्क्रिप्ट मिळायला लागणारा वेळही त्यात धरावा.

इथूनच थेट अर्ज करू पाहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. डीएनपीचे बरेच अभ्यासक्रम ऑनलाइन असतात, आणि विद्यार्थी व्हिसावर पूर्ण ऑनलाइन शिक्षण घेता येत नाही. शिवाय अमेरिकेतील परिचारिकेचा वैध परवाना ही प्रवेशाची नेहमीची अट आहे. तो एनसीएलईएक्स ही परीक्षा दिल्याशिवाय मिळत नाही. त्यामुळे सांगली-नांदेडहून निघणाऱ्या मुलीने परवाना, नोकरी आणि मग डीएनपी हाच क्रम धरलेला बरा. एजंट उलटा क्रम सांगत असेल तर त्याच्याकडून लेखी घ्यावे आणि विद्यापीठाला स्वतः ईमेल करून खात्री करावी.

परत येण्याचा विचार असेल तर मात्र जपून पाऊल टाकावे. आपल्याकडे परिचर्येतली डॉक्टरेट म्हणजे अजून पीएचडीच. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. वाट चांगली आहे, पण अजून अरुंद आहे. शिकवण्याच्या जागेसाठी डीएनपी पीएचडीच्या जागी चालेल असे कोणी गृहीत धरू नये.

तरीही या अर्जाला जे लागते त्यातला मोठा भाग इथेच शिकता येईल. आमची अपेक्षा महाराष्ट्रातल्या रुग्णालयांकडून आहे, सरकारी आणि खासगी दोन्ही. बेडसोअर, नळीचे संसर्ग, औषध देण्यातल्या चुका यांच्या नोंदी परिचारिकाच भरतात. पण महिनाअखेर त्यांचे एकत्रित आकडे त्यांना दाखवले जातात असे क्वचितच घडते. ते आकडे त्याच वॉर्डच्या भिंतीवर लागावेत. नोंदीत चूक सापडल्यावर भरणारीला धारेवर धरू नये, नाहीतर पुढच्या महिन्यात नोंदच होणार नाही. आणि एखाद्या स्टाफ नर्सने तीन रकाने वाढवून मागितले, तर कागद छापून द्यावा.