काका काही दिसत नाहीत

गेल्या वर्षी भाऊबीज झाली आणि चौथ्या दिवशी मिरजेहून मावशीचे कार्ड आले. मावशी नव्वदीच्या घरात आहे. तिच्याकडे फोन आहे, पण महत्त्वाची गोष्ट कार्डावरच लिहायची, हा तिचा जुना दंडक. कार्डात मजकूर असा होता : "चि. बाळ यास मावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. फराळाबरोबर पाठवलेली तबकडी मिळाली. शेजारच्या मुलाने यंत्रात घातली. यंत्र 'नो डिस्क' म्हणते. दोनदा पुसून घातली, तरी तेच. काका काही दिसत नाहीत. सवडीने बघणे."

त्या 'सवडीने'ने मी ओशाळलो. वर्षभर या पानावर मी तुम्हांला मिक्सर का गुरगुरतो आणि इस्त्री का चटका देते ते सांगत असतो, आणि माझ्याच मावशीच्या घरी माझीच तबकडी मुकी! दिवाळी अंकासाठी काय देणार, असे संपादकांनी विचारले तेव्हा म्हटले, यंदा स्वतःची फजितीच देतो. घरी केलेल्या डीव्हीडी पुष्कळांच्या कपाटांत पडून आहेत. त्यांतल्या निम्म्यांची तक्रार मावशीच्या कार्डासारखीच असणार.

मूळ हकीकत सांगतो. २००७ साली मिरजेला काकांची, म्हणजे मावशीच्या यजमानांची, पंचाहत्तरी झाली. मी तेव्हा हौसेने एक कॅमेरा घेतला होता. तो फितीवर चित्रण न करता आठ सेंटिमीटरच्या लहानशा डीव्हीडीवर करी. एका तबकडीत साधारण अर्धा तास मावे. त्या दिवशी तीन तबकड्या लागल्या. काका २०१२ साली गेले. मावशीपाशी त्यांचे फोटो ढीगभर आहेत, पण आवाज त्या तीन तबकड्यांखेरीज कुठेच नाही. हे मला ठाऊक होते, आणि तरीही तबकड्या माझ्या कपाटात विम्याच्या कागदांखाली पडून होत्या.

दिवाळीच्या आधी मी चिरंजीवांना म्हटले, "आजीसाठी यांची एक मोठी तबकडी करून दे." चिरंजीव संगणकात मुरलेले. जेवायची पाने घेईपर्यंत काम झाले. "बाबा, तिसरी कोरी आहे हं," असे तो जाता जाता म्हणाला. मी आकाशकंदिलाच्या वायरीशी झटत होतो. "असेल," म्हणालो. हा 'असेल' पुढे मला फार महागात पडला. तो तूर्त ध्यानात ठेवा.

आमच्या संगणकावर तबकडी छान चालली, म्हणून ती चकल्यांच्या डब्यात घालून रवाना केली. इथेच पहिली चूक. संगणक हा दहा गावचे पाणी प्यालेला प्राणी आहे. त्याला कोणत्याही भाषेत काहीही द्या, तो समजून घेतो. टीव्हीजवळचे डीव्हीडीचे यंत्र म्हणजे जुन्या कचेरीतला हेडक्लार्क. अर्ज ठरल्या नमुन्यात आणि ठरल्या जागी हवा, नाहीतर त्याच्या लेखी अर्ज आलेलाच नाही. चिरंजीवांनी तबकडीवर एमपी४ची एक फाईल उतरवली होती. मावशीचे यंत्र काकांनीच २००५ साली घेतलेले. त्याला ही भाषा ठाऊकच नाही. त्याला लागतो तो डीव्हीडी-व्हिडिओचा नमुना : 'व्हिडिओ टीएस' नावाचा कप्पा, त्यात आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी अशा शेपटांच्या फायली, आणि आतले चित्रण एमपेग-२ पद्धतीचे, आपल्याकडच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे, सेकंदाला २५ चित्रे. तुमची तबकडी यंत्रात चालत नसेल तर पुसत बसण्याआधी ती संगणकात उघडा. हा कप्पा दिसला नाही आणि नुसती एखादी फाईल दिसली, तर दोष सापडला. नुसती फाईल उतरवणे वेगळे आणि डीव्हीडी रचणे वेगळे. रचण्याचे सॉफ्टवेअर निराळे असते आणि ते चांगला तासभर खाते.

दुसरी तबकडी मी स्वतः रचली. सगळे उत्तमातले उत्तम असावे म्हणून दर्जाचा आकडा पार वर नेला. वेगही सर्वांत जास्त निवडला. वर काकांचा हार घातलेला रंगीत फोटो छापून चिकटवला, सौ. म्हणाल्या, "अगदी दुकानातल्यासारखी दिसते." आठ दिवसांनी कार्ड. "काका दिसले. पाऊण तास बरे चालले. नंतर सुधाताई ओवाळत असताना चित्र थिजले. ओवाळणे तेवढे पूर्ण व्हावे."

आता माझी शहाणपणाची गुर्मी उतरली आणि मी नीट विचाराला बसलो. कारखान्यातल्या सिनेमाच्या तबकडीवर खाचा ठशाने उमटवलेल्या असतात. घरच्या तबकडीत तशा खाचा नसतात. आत रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि लेसरने तो ठिपक्याठिपक्याने भाजलेला असतो. म्हणून तर तबकडी 'जाळणे' म्हणतात. यंत्राच्या तांबड्या किरणाला हे ठिपके कारखान्यातल्या खाचांपेक्षा पुसट दिसतात. पुनःपुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू तबकडी तर प्रकाश आणखीच कमी परतवते. त्यात यंत्र जुने असेल, भिंगावर धूळ असेल, तर म्हाताऱ्या डोळ्यांनी फिकट शाईचे पत्र वाचण्यातली गत. बाजारातला सिनेमा चालतो आणि घरची तबकडी अडते, असे झाले की बहुधा हेच कारण असते. अशा वेळी आरडब्ल्यूऐवजी साधी डीव्हीडी-आर घ्यावी. 'उणे आर' १९९७चे आणि 'अधिक आर' २००२चे, त्यामुळे काही जुनी यंत्रे थोरल्या भावाला ओळखतात आणि धाकट्याला दारातून परत पाठवतात.

माझ्या तबकडीला आणखी तीन दुखणी होती. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते. दर्जा वर नेल्यामुळे ती काठापर्यंत भरली होती, आणि भरधाव वेगाने जाळताना काठाशीच चुका अधिक होतात. कागदाचे लेबल मुळीच लावू नये. ते केसभर जरी एका बाजूला गेले तरी फिरताना तबकडीचा तोल जातो, आणि यंत्राच्या उबेने कागद ओढला जाऊन तबकडी वाकते. नाव घालायचे तर नरम टोकाच्या, तबकड्यांसाठीच मिळणाऱ्या पेनने घालावे. राहिला दर्जा. डीव्हीडीच्या नियमात सेकंदाला दहा मेगाबिटच्या आसपास कमाल मर्यादा आहे, आणि तिच्या कडेकडेने चालले की जुन्या यंत्राला धाप लागते. काकांचे मूळ चित्रणच सहाच्या सुमाराचे होते! पातळ ताकाचे दही होत नाही, हे घरातल्या कुणीही मला सांगितले असते.

तिसरी तबकडी सहाच्या दर्जाने, मधल्या वेगाने, बोडकीच केली आणि कोल्हापूरच्या गाडीने स्वतः घेऊन गेलो. मावशीने जुना चष्मा काढून नवा लावला. यंत्राने जरा कुरकुर केली आणि चित्र आले. ओवाळणे पूर्ण झाले. पंगत झाली. मावशी तासभर हलली नाही. संपल्यावर म्हणाली, "छान आहे रे. पण ह्यांनी शेवटी सगळ्यांना अंगणात बसवून सांगितलं, ते कुठे आहे? तुझ्याकडेच तर बघून बोलत होते."

आकाशकंदील, वायर आणि माझा 'असेल' डोळ्यांपुढे उभे राहिले.

पुण्याला परतलो तो थेट चिरंजीवांच्या टेबलाशी. तिसरी तबकडी त्याने कोऱ्या तबकड्यांच्या डब्यात टाकली होती. संगणकात घातली, त्याने पुन्हा तेच सांगितले, ही कोरी आहे, हिच्यावर काय लिहू? चिरंजीवांचे बोट सवयीने बटणाकडे गेले. सौ. मागून ओरडल्या, "थांब रे, हात लावू नकोस!" त्या ओरडल्या नसत्या तर हा लेख मी लिहिला नसता.

तबकडी उजेडात तिरपी धरली. खालच्या बाजूला आतून जवळजवळ काठापर्यंत गडद पट्टा होता आणि त्यापुढे फिकट कडा. कोऱ्या तबकडीला असा पट्टा नसतो. म्हणजे काका आत होते. घोटाळा असा होता, की तबकडी भरल्यावर कॅमेऱ्यात ती 'फायनलाइज' करावी लागते. पुस्तक छापून झाल्यावर अनुक्रमणिका आणि मलपृष्ठ जोडून बांधणी करतात, तसे हे काम. ते झाले नाही तर यंत्राला सुरुवात आणि शेवट सापडत नाही. मजकूर असून ते 'नो डिस्क' म्हणते. २००७ साली पहिल्या दोन तबकड्यांना मी ते केले होते. तिसरी संपली तेव्हा अंगणात ताटे मांडली जात होती.

हे काम बहुधा त्याच कॅमेऱ्यात, निदान त्याच घराण्यातल्या कॅमेऱ्यात होते. माझा कॅमेरा केव्हाच मोडीत गेलेला. अशी तबकडी वाचून काढणारी सॉफ्टवेअरही मिळतात, पण एकुलत्या एका प्रतीवर हात चालवायचा मला धीर होईना. मग रोज सकाळी बागेत भेटणाऱ्या प्रत्येक निवृत्त गृहस्थाला मी कॅमेऱ्याविषयी विचारू लागलो. लोक मला टाळू लागले असावेत. बाराव्या दिवशी बँकेतल्या एका जुन्या स्नेह्यांनी माळ्यावरून कापडी पिशवी काढली. त्याच कंपनीचा कॅमेरा, एक वर्ष पुढचा! बॅटरी मेलेली, पण विजेचा अडॅप्टर जिवंत होता. आणि या कामाला अडॅप्टरच लावायचा असतो, कारण मध्येच वीज तुटली तर तबकडी हातची जाते.

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर कॅमेरा ठेवला. पंखा बंद केला, नातवाला बाहेर पिटाळले. 'फायनलाइज' दाबले. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. त्या काही मिनिटांत आम्ही दोघे म्हातारे एकमेकांशी बोललोसुद्धा नाही. पट्टी भरली, आणि छोट्या पडद्यावर अंगण दिसले.

त्या रात्री आधी चित्रणाची प्रत संगणकात घेतली, दुसरी पेनड्राइव्हवर, तिसरी चिरंजीवांकडे; मग तबकडी रचली. घरच्या तबकडीतले रंगद्रव्य कायमचे नसते, ऊन आणि दमट हवेने ते उतरते. तुमच्या कपाटात लहान तबकड्या असतील तर एक सूचना : संगणकाच्या किंवा यंत्राच्या ट्रेमध्ये आतल्या लहान खाचेत त्या नीट बसतात, पण ट्रे नसलेल्या, फटीतून तबकडी ओढून घेणाऱ्या यंत्रात त्या कधीही घालू नका. आत अडकतात.

पुन्हा मिरज. मावशीने यंत्रावरचे विणलेले कापड काढून घडी करून मांडीवर घेतले. पडद्यावर काका खुर्चीत बसले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बाळ, चालू आहे का रे ते?" माझा आवाज आला, "हो काका, बोला." काका घराविषयी बोलू लागले. जागा घेताना हिच्या चार पाटल्या मोडल्या, त्या परत करायच्या राहूनच गेल्या, असे सगळ्यांदेखत म्हणाले आणि जरा थांबले.

"दोन केल्या होत्या की परत," मावशी टीव्हीकडे बघत म्हणाली. "विसरले."

मग माझ्याकडे वळली. "बंद कर आता. उरलेलं उद्या बघते."