ओवी संगणकात गेली म्हणून मेली नाही

ओवी जात्यावरची, ती संगणकात कोंडली की तिचा जीव जातो आणि उरतो तो नुसता डेटा, असा आक्षेप लोकसाहित्याच्या चर्चेत अनेकदा घेतला जातो. त्यामागची आस्था खरी आहे, पण घटनांचा क्रम उलटा लावलेला आहे. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या आणि पहाटेचं दळण थांबलं, ते संगणक येण्याच्या कितीतरी आधी. त्यानंतर ओव्या उरल्या त्या जात्यावर दळण दळलेल्या बायांच्या आठवणीत.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ हे संशोधक या आठवणींपाशी वेळेत पोचले. पुण्यातल्या आपल्या संशोधन केंद्रातर्फे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या 1,000हून अधिक गावांतून 1,00,000हून अधिक ओव्या गोळा केल्या. 1990च्या दशकात संगणकाचे आणि संगीताचे फ्रेंच अभ्यासक बर्नार बेल यांनी ध्वनिमुद्रण आणि डेटाबेसचं काम हाती घेतलं. 2017पासून हा ठेवा ‘पारी’वर, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियावर, प्रसिद्ध होऊ लागला.

साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’सारख्या ओवीसंग्रहांचं ऋण फार मोठं आहे. तरी छापील संग्रहात बहुधा ओवी येते, गाणारी येत नाही. ‘पारी’वर ओवीबरोबर बाईचं नाव आहे, गाव आहे. पुष्कळदा फोटो आणि आवाजही आहे. गाताना ती अर्धी ओळ पुन्हा घेते, मध्येच ‘बाई’ घालते, दम घेते. कागदावर हे उतरत नाही. डॉ. आंबेडकरांवरच्या ओव्या कुठल्या गावांतून आल्या, कोणी गायल्या, हे आता शोधता येतं. शेतकरी-मजूर बाईला कवयित्री म्हणून नावानिशी उभं करणारी ही सोय आहे. तिला नुसता डेटा म्हणणं हा त्या बाईवर दुसऱ्यांदा अन्याय आहे.

उलट्या बाजूचा उत्साहही तितकाच चुकीचा. शब्द मोजले, आलेख काढले की संशोधन झालं, असं मानणाऱ्यांनी सीतेच्या ओव्या ऐकाव्यात. सीतेचा वनवास गाता गाता बाई स्वतःचा सासुरवास सांगते, हे मोजणीत सापडत नाही. या संग्रहाची विषयवार मांडणी झाली ती माणसांनी गावात बसून, बायांशी बोलून अर्थ लावला म्हणून. संगणकाने ती मांडणी चाळणं सोपं केलं. अर्थ लावण्याचं काम मात्र त्याने केलेलं नाही.

संमतीचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. इंटरनेट घरोघरी नव्हतं तेव्हा टेपरेकॉर्डरपुढे गायलेल्या बाईने आपला आवाज जगभर जाईल अशी कल्पना केली नसणार. म्हणून ‘पारी’च्या चमूने काही गावांत परत जाऊन त्याच गायिकांना भेटणं, त्यांचं चित्रीकरण करणं हे संशोधनाइतकंच मोलाचं आहे.

विद्यापीठांनी आता ध्वनिमुद्रित ओवीला छापील ग्रंथाइतकाच पुरावा मानावं आणि तितकीच शिस्त लावावी. ज्या प्रबंधात गाणारीचं नाव उपलब्ध असूनही ओवीखाली केवळ ‘पारंपरिक’ असं लिहिलेलं असेल, तो मार्गदर्शकाने दुरुस्तीसाठी परत पाठवावा.